जीभ मोकळी झाली, बोलणे कधी मोकळे होईल?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शेजारच्या वाडीत सहा वर्षांची एक मुलगी आहे. तिची जीभ खाली चिकटलेली होती. तालुक्याला दाखवले, मग जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जिभेखालचा पडदा कापून जीभ मोकळी केली. पोर घरी आली. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. एके दिवशी तिची आजी आमच्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "गुरुजी, डाक्टरनं दोरी तोडली म्हनत्यात. मग पोर अजून तशीच का बोलती? लाडूला याडूच म्हनती. आमचं पैसं वाया गेलं का?"

आम्ही म्हणालो, "आजी, वाया काही गेले नाही. पण काम अर्धेच झाले आहे. उरलेले अर्धे तुमच्या घरात व्हायचे आहे."

ते उरलेले अर्धे काम कोणते, ते या धड्यात सांगायचे आहे.

जिभेखाली काय असते?

वाचकहो, आधी एक आरसा घ्या. उजेडात उभे राहा. तोंड उघडा आणि जीभ वर उचला. जिभेच्या खाली मधोमध एक पातळ पडदा दिसेल. तो जिभेला तोंडाच्या तळाशी जोडतो. हा पडदा सर्वांनाच असतो. तो असणे हा दोष नाही.

पण काही मुलांचा हा पडदा जन्मापासून आखूड किंवा जाड असतो. कधी तो जिभेच्या अगदी टोकापर्यंत आलेला असतो. मग जीभ वर उचलत नाही. बाहेर काढली तर टोकाला खाच पडते, पिंपळाचे पान उलटे धरल्यासारखी दिसते. वरच्या ओठाला लागलेली काकवी अशा मुलाला चाटता येत नाही. दाढेत अडकलेला घास जिभेने काढता येत नाही. तान्हे मूल असेल तर त्याला आईच्या अंगावर नीट पिता येत नाही आणि आईलाही दुखते. यालाच लोक 'जीभ चिकटली' असे म्हणतात.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात धरा. पडदा आखूड असलेली पुष्कळ मुले अगदी स्वच्छ बोलतात. त्यांना काहीच करावे लागत नाही. पडदा दिसला की कापा, असे नसते. कापायचा की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते.

तुमच्या पाटीवरची अक्षरे आठवा

तुम्ही नुकतीच मुळाक्षरे शिकलात. क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ, अशा ओळी तुम्ही पाटीवर गिरवल्या. त्या ओळी अशाच क्रमाने का लावल्या, असे कधी मनात आले का? आमच्या पूर्वजांनी त्या तोंडातल्या जागा पाहून लावल्या आहेत.

आता मोठ्याने म्हणून पाहा.

'क' म्हणा. जिभेची मागची बाजू घशाकडे वर उचलली जाते.

'च' म्हणा. जिभेचा मधला भाग टाळूला भिडतो.

'ट' म्हणा. जिभेचे टोक वर वळते आणि टाळूला लागते.

'त' म्हणा. टोक वरच्या दातांच्या मागे लागते.

'प' म्हणा. जीभ गप्प राहते, फक्त दोन ओठ मिटतात.

आहे की नाही गंमत? सारी ओळ घशापासून ओठापर्यंत चालत येते.

आता जीभ खाली बांधलेल्या मुलाचा विचार करा. प, फ, ब, भ, म त्याला सहज येतात, कारण तिथे जिभेचे काम नाही. क, ख, ग, घ सुद्धा येतात, कारण तिथे टोक लागत नाही. पण ट, ठ, ड, ढ, ण म्हणायला टोक वर जावे लागते. ल, ळ आणि र यांनाही टोक वर लागते. ही अक्षरे अशा मुलाला जड जातात. मग ते जवळचे, सोपे अक्षर उचलते. त्या मुलीने 'ल' ऐवजी 'य' उचलला होता. लाडूचा याडू झाला तो असा.

मग पडदा कापल्यावर लगेच का येत नाही?

वासराला लहानपणापासून आखूड दाव्याने बांधले, तर ते खुंट्याभोवती तेवढ्याच घेरात फिरते. एक दिवस दावे सोडले, तरी ते काही वेळ तेवढ्याच जागेत घुटमळते. रान मोकळे आहे, हे त्याला ठाऊक नसते.

जिभेचेही तसेच आहे. त्या मुलीने चार-पाच वर्षे 'ल' ला 'य' म्हटले होते. रोज शंभर वेळा म्हटले असेल. जिभेला ती वाट पाठ झाली, कानालाही तो आवाज बरोबर वाटू लागला. डॉक्टरांनी दावे सोडले. नवी वाट मात्र जिभेला शिकवावी लागते. शिकवणारी माणसे वेगळी असतात. त्यांना स्पीच थेरपिस्ट म्हणतात. आपण त्यांना वाचातज्ज्ञ म्हणू.

प्रत्येक मुलाला वाचातज्ज्ञाची गरज लागतेच असे नाही. तान्हेपणी पडदा सोडवला असेल, तर मूल बहुधा आपोआप बोलायला शिकते. बोलायची सवय लागून गेल्यावर ज्याचा पडदा सोडवला आणि ज्याचे बोल अडतात, त्याला शिकवण्याची गरज पडते.

आधी जखम भरू द्या

कापल्यानंतर जिभेखाली पांढरट-पिवळा डाग दिसतो. पुष्कळ आया त्याला पू समजून घाबरतात. तो बहुतेक वेळा पू नसतो. तोंडातली जखम भरताना तशीच दिसते. एक-दोन आठवड्यांत तो डाग जातो. त्यावर हळद, राख, तंबाखूची मशेरी असे काहीही लावू नका. बोटाने खरवडू नका.

काही दिवस मऊ आणि निवलेले अन्न द्या. पेज, मऊ भात, दूध चालेल. तिखट, कढत आणि कडक भाकरी नको. रक्त येऊन थांबत नसेल, ताप आला असेल किंवा मूल पाणीही पीत नसेल, तर वाट पाहू नका. तसेच उठून दवाखाना गाठा.

जखम भरताना जीभ पुन्हा आखडू नये, म्हणून डॉक्टर काही हालचाली सांगतात. त्या कधी सुरू करायच्या आणि किती वेळा करायच्या, हे त्यांनाच विचारा. शेजारणीच्या मुलाला सांगितले तेच आपल्या मुलाला लागू पडेल, असे समजू नका.

हालचाली साध्याच असतात. जीभ बाहेर काढणे. टोक वरच्या ओठाला लावणे. एका गालफडातून दुसऱ्या गालफडात नेणे. बैल हाकताना आपण टाळूला जीभ चिकटवून 'टक् टक्' करतो ना, तसे करणे. वरच्या ओठावर काकवीचे बोट लावून ती चाटायला सांगणे. मुलांना हा खेळ वाटतो.

मात्र नुसती जीभ हलवून बोलणे येत नाही. कुदळ मारून दंड भरले, म्हणून कुणाला अक्षर गिरवता येत नाही. अक्षर गिरवायला अक्षरच गिरवावे लागते. तसेच 'ल' यायला 'ल'च म्हणावा लागतो.

वाचातज्ज्ञ काय करतात?

त्या मुलीला घेऊन तिची आई आणि आम्ही जिल्ह्याला गेलो. आम्हांला वाटले होते, बाई काही औषध देतील किंवा यंत्र लावतील. तसे काही झाले नाही. बाईंनी पहिल्यांदा मुलीचे कान तपासून घेतले. त्या म्हणाल्या, "जे ऐकू येत नाही, ते बोलता कसे येईल?" आम्ही इतकी वर्षे मास्तरकी केली, पण हे साधे वाक्य आमच्या ध्यानात कधी आले नव्हते.

कान चांगले निघाले. मग बाईंनी शिकवणे सुरू केले. त्याच्या पायऱ्या अशा.

पहिली पायरी ऐकण्याची. बाईंनी दोन चित्रे मांडली. एक गालाचे, एक गायीचे. बाई म्हणत 'गाल', मुलीने गालावर बोट ठेवायचे. बाई म्हणत 'गाय', तर गायीवर. मुलीने बोलायचे नाही, फक्त ओळखायचे. प्रथम ती चुकत होती. दोन्ही शब्द तिला सारखेच वाटत.

दुसरी पायरी एकट्या अक्षराची. आरसा समोर ठेवला. बाईंनी आपली जीभ दाखवली. टोक वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्याला लावले आणि 'ल' म्हटले. मुलीने आरशात पाहून तसे केले. पंचवीस वेळा चुकली. सव्विसाव्या वेळी 'ल' निघाला. ती स्वतःच दचकली.

तिसरी पायरी बाराखडीची. ल, ला, लि, ली, लु, लू. तुम्ही पाटीवर गिरवली तीच ही बाराखडी.

चौथी पायरी शब्दांची. लाडू, लसूण. मग कलिंगड, पालक. मग फूल, बैल. अक्षर आधी, मध्ये आणि शेवटी येईल असे शब्द.

पाचवी पायरी वाक्यांची. आणि सहावी, सर्वांत अवघड, रोजच्या बोलण्याची. धड्यात 'ल' म्हणणारे पोर खेळताना पुन्हा 'य' म्हणते. त्याने नाउमेद होऊ नका. ते व्हायचेच.

मंडळी, या पायऱ्या ओळखीच्या वाटतात ना? अक्षर, बाराखडी, शब्द, वाक्य. तुम्ही वाचायला शिकलात ते याच जिन्याने.

घरी काय करायचे?

बाईंकडे आठवड्याला एकदा जायचे असते. बाकीचे सहा दिवस घरचेच असतात. म्हणून खरा अभ्यास घरी होतो.

रोज दहा मिनिटे, दिवसातून दोन वेळा पुरे. चूल पेटवताना, धान्य निवडताना हे होते. एकदम तासभर बसवू नका. मूल कंटाळते.

बाईंनी त्या आठवड्याला जे अक्षर दिले, तेवढेच घ्या. सारी अक्षरे एकदम सुधारायला जाऊ नका.

मूल चुकले तर "असे नाही, नीट म्हण" असे म्हणू नका. ते म्हणाले, "आई, याडू दे," तर तुम्ही म्हणा, "लाडू हवा? घे लाडू." बरोबर शब्द त्याच्या कानावर पडू द्या आणि लाडू हातावर ठेवा. बरोबर म्हटल्याशिवाय खाऊ द्यायचा नाही, असे कधी करू नका.

चुकीचे बोल गोड वाटतात म्हणून घरात तसेच बोलू नका. पाहुणे आले की "बोलून दाखव" म्हणून मुलाला पुढे उभे करू नका.

आणि हसू नका. शाळेत मास्तरांनाही सांगून ठेवा.

आमची एक चूक

हसू नका, हे आम्ही वरवर सांगत नाही. १९८५ सालच्या सुमाराला आमच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार होता. हिशेबात पहिला. एक दिवस आम्ही त्याला धडा मोठ्याने वाचायला उभे केले. 'भिंतीवर पाल आहे' असे वाक्य होते. तो म्हणाला, "भिंतीवर पाय आहे." सारा वर्ग हसला. आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. पुन्हा वाच म्हणालो. पुन्हा 'पाय'च आला. पुन्हा हशा झाला.

त्या दिवसानंतर तो वर्गात बोलला नाही. नाव पुकारले तरी नुसता हात वर करी. चौथी झाली आणि त्याने शाळा सोडली. अजूनही बाजारात भेटतो. मान हलवतो. दुकानदाराला वस्तू बोटाने दाखवतो.

त्याची जीभ चिकटलेली होती का, हे आम्हांला ठाऊक नाही. कारण आम्ही कधी पाहिलेच नाही. जीभ वर कर, एवढे सांगायला अर्धे मिनिट लागले असते. त्या मुलीबरोबर आम्ही जिल्ह्याला का गेलो, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

कोणत्या गोष्टी दोष नाहीत?

लहान मुले बोबडे बोलतात. सगळी अक्षरे एकदम येत नाहीत. म, प, ब लवकर येतात. र, ळ ही अक्षरे उशिरा येतात, कधी सहा-सात वर्षांपर्यंत लागतात. म्हणून तीन वर्षांच्या मुलाने रामाला 'लाम' म्हटले तर धावपळ करू नका. पण चार वर्षांचे मूल काय बोलते, ते परक्या माणसाला बहुतेक कळले पाहिजे. कळत नसेल तर दाखवा.

गावोगावची बोली हाही दोष नाही. वऱ्हाडात आणि खानदेशात पुष्कळ घरी डोळ्याला 'डोया' म्हणतात. कितीतरी घरी पाण्याला 'पानी' म्हणतात. घरात सारे तसे बोलतात म्हणून मूलही तसे बोलते. त्याची जीभ उत्तम आहे. त्यावर औषध करायचे नसते.

आणि दोन गोष्टींचे खापर जिभेखालच्या पडद्यावर फोडू नका. मूल दोन वर्षांचे झाले तरी एकही शब्द बोलत नाही, तर त्याचे कारण पडदा नव्हे. पहिल्यांदा कान तपासा. बोलताना मूल अडखळते, एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणते, तेही पडद्यामुळे नव्हे. या दोन्हींसाठी जीभ कापून घेऊ नका. वाचातज्ज्ञाला मात्र जरूर दाखवा.

घरी ब्लेडने किंवा नखाने पडदा तोडणे तर कधीच करू नका. जिभेखाली रक्ताच्या शिरा असतात. रक्त थांबले नाही तर मूल हातचे जाईल. जखम चिघळण्याचे भय आहेच. कुणी वेखंड उगाळून चाटवतात, कुणी पिंपळाच्या पानावर भात वाढतात. त्याने आखूड पडदा लांब होत नाही. त्यात महिने मात्र निघून जातात.

कुठे जायचे?

पहिल्यांदा आपल्या अंगणवाडीच्या बाईंना किंवा आशाताईंना सांगा. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते. डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा यायचे असते. ते आले की लाजू नका. "याचे बोलणे कळत नाही, जीभ पाहा, कान पाहा," असे स्पष्ट सांगा. ते पुढे जिल्ह्याच्या केंद्राची चिठ्ठी देतात.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. ती १९८३ साली निघाली. ऐकणे आणि बोलणे यांच्या तक्रारींवर तिथे उपचार होतात आणि वाचातज्ज्ञही तयार होतात. वाचातज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असावी लागते. त्यासाठी १९९२ चा कायदा आहे. खाजगी ठिकाणी गेलात, तर नोंद आहे का, असे खुशाल विचारा. विचारण्यात अपमान नाही.

शेवटी एक सांगणे

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. सात महिने झाले. 'ल' चांगला येतो. 'ट' ही आला. 'र' अजून अर्धाच आहे. घाईत बोलली की जुनी वाट धरते. मग आपणच थांबते आणि पुन्हा म्हणते. परवा ती ओट्यावर आली आणि म्हणाली, "गुरुजी, आमच्या भिंतीवर पाल आहे." आम्ही काही वेळ बोललो नाही. मग विचारले, "मोठी आहे का गं?"

तिच्या आजी रात्रीच्या वर्गाला येतात. तिथे त्या पहिल्यांदा आपले नाव लिहायला बसल्या, तेव्हा हात थरथरत होता. साठ वर्षांचा हात तो. त्याला खुरप्याची सवय, पेन्सिलीची नव्हती. बाजूला कुणी हसले असते, तर त्या दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या. कुणी हसले नाही, म्हणून त्या आल्या. आज सही करतात.

वाचकहो, तुम्हीही असेच शिकलात. उशिरा शिकणाऱ्याला काय लागते, हे तुमच्याइतके कुणाला ठाऊक असणार? त्याला रोज थोडा वेळ लागतो, शिकवणारे माणूस लागते आणि न हसणारे घर लागते. तेवढे तुमच्या मुलाला द्या. डॉक्टरांनी जीभ मोकळी केली आहे. बोलणे तुम्ही मोकळे करा.